उजवीकडचा रिकामा स्पीकर

— नाय, आता कुठं चालला? बस. त्या ड्रमावर बस, खुर्ची मिळायची नाय. खुर्ची गिऱ्हाइकाला असती, आणि तू गिऱ्हाईक राहिला नाय आता. क्वालिसची चावी दे इकडं. दे म्हटलं ना. चांदवडवरनं आडगाव नाक्यापर्यंत आला, स्पीकरची पेटी गाडीत तशीच ठेवून, आणि दारातनंच तोंड वाजवून परत जायचं? मग मी बोलायचंच नाय का? चार दिवस डोळ्याला डोळा लागला नाय माझा, समाधान. चार दिवस. जीपस्टँडवर, चहाच्या हाटेलात, दहा माणसांत तू म्हणला — गोरक्ष मिस्त्रीनं मला फसवलं, एक स्पीकर चालू दिला आणि दोन मेलेले बसवले. म्हणला का नाय? मान काय हलवतो, तोंडानं बोल. मोठ्यानं बोल जरा, हायवे हाय बाहेर, ट्रक चाललेत — असं पुटपुटलं तर कोणाला कळणार?

म्हणला ना. हां. आता त्या दहा माणसांतले सात जीपवाले माझे होते. तुला ठाऊक होतं. दसऱ्याच्या आधी सात जीपला सात पेट्या करायच्या, ठरलेलं होतं सगळं, प्लाय आणून ठेवला — तो बघ, भिंतीला टेकवलाय, अजून कापला बी नाय. परवा त्यांचा धोंडीराम आला. गाडीतनं उतरला पण नाय. काच खाली घेतली आणि म्हणतो, मिस्त्री, आमचं राहू द्या आता. का रे बाबा? तर इकडं बघ तिकडं बघ. मी काच धरून ठेवली, म्हटलं सांगितल्याशिवाय हात काढत नाय. तेव्हा म्हणला, तुम्ही बिनवायरीचे स्पीकर बसवता म्हणं. बावीस वर्षं झाली मला या धंद्यात. लोक मला चिडका म्हणले, महाग म्हणले, तोंडाचा फाटका म्हणले — हाय मी, नाय म्हणत नाय. पण फसव्या? फसव्या कोणी म्हणलं नव्हतं. तू पहिला. म्हणून आज तू माझ्यासंगं चांदवडला यायचं, त्याच हाटेलात, त्याच माणसांपुढं उभं राहायचं आणि सांगायचं की माझी चूक झाली, मला कळत नव्हतं. त्याशिवाय गाडी इथनं हलायची नाय. चावी माझ्या खिशात हाय. बघू कसा नेतो.

आणि पेटी कोणाच्या सांगण्यावरनं तशी केली होती? माझ्या? पोळ्याच्या आधी तूच आला होता ना इथं, ह्याच दारात, दात काढत — मिस्त्री, मावसभावाच्या गाडीसारखा बास पाहिजे, छातीत घुमला पाहिजे, पण पेटी लहान पाहिजे, मागं कांद्याच्या गोण्या टाकायच्या असत्यात, लासलगावला जायचं असतं. आता बास मोठा आणि पेटी लहान, हे दोन्ही कसं जमायचं? मोठ्या बासला मोठी हवा लागती. नायतर पेटीला हवा खेळायला पाइप काढावा लागतो, आणि लहान पेटीत पाइप मावत नाय, एवढा लांब लागतो. आणि समज मावला. तुझ्या गाडीत ढिगानं कांद्याची फोलपटं उडत असत्यात — मी बघितली ना, सीटखाली, डॅशबोर्डवर, कुठं नाय? पहिल्याच महिन्यात पाइपात फोलपटं जाऊन बसली असती आणि फडफड फडफड. मग तू माझ्याच नावानं शंख केला असता. मी तुझा विचार केला, गाढवा. म्हणून म्हटलं, पाइप नको, रिकामे बसवू. दोन बाजूला दोन. तू काय म्हणला तेव्हा? तुम्हाला काय करायचं ते करा, मिस्त्री. तुझेच शब्द.

रिकामा म्हणजे काय हे सांगितलं नाय मी? सांगितलं. तू तेव्हा मोबाइलवर बोलत होता, त्याला मी काय करू? आता ऐक, आणि तिकडं गेल्यावर नीट सांग. कंपनी त्याला लांबडं इंग्रजी नाव देती, आम्ही रिकामा म्हणतो. दिसायला स्पीकरसारखाच — तोच कागदाचा कोन, तीच रबराची कड — पण मागं लोहचुंबक नाय, तारेचं वेटोळं नाय, वायर नाय. त्याला वायर लागतच नाय! पेटी सगळीकडनं बंद. मी उदबत्ती फिरवतो प्रत्येक सांध्यावर, धूर जरा हलला तर परत फेविकॉल भरतो, एवढी बंद. मग पुढचा चालू स्पीकर मागं सरकला की आतली हवा दाबती, ती कुठं जाणार? ती रिकाम्याला ढकलती. हा पुढं आला की ती रिकाम्याला ओढती. एक कमावतो, दोघं त्याच्या जिवावर नाचतात, पण त्यांच्या नाचण्यानं आवाज दुप्पट होतो. आणि एक सूर असा असतो, बरोबर लागलेला सूर — तिथं चालू स्पीकर जवळजवळ उभा राहतो, हलत नाय, आणि रिकामे दोन्ही अशी झेप घेत्यात! तुझ्या त्या बुधानं तेच बघितलं. चांदवडचा मोठा मेकॅनिक. जाळी काढली, गाणं लावलं, बघतो तर वायरवाला गप्प उभा आणि बिनवायरीचा उड्या मारतोय. त्याच्या डोक्यात काही शिरेना. मग काय सांगणार गिऱ्हाइकाला? मला कळत नाय असं? म्हणला, हा मेलेला हाय, तुला फसवलं. आणि तू लगेच हाटेलात.

त्या सुरावर कसं आणायचं, हे बुधाच्या बापाला जमणार नाय. रिकाम्याच्या मागं, मधोमध, वायसर चिकटवायचे. साधे लोखंडी वायसर, नटबोल्टला असत्यात तेच. जड केला की सूर खाली जातो, हलका केला की वर. दोन्हीकडं वजन सारखं पाहिजे. बैलजोडीसारखं हाय ते — एक पुढं आणि एक मागं ओढायला लागला तर गाडी शेतात जाती. वजन कमी-जास्त झालं की हलका असतो तो भलत्याच सुरावर उधळतो आणि आत लाकडाची आडवी पट्टी असती, तिच्यावर आपटतो. टक. आता ते वायसर किती लावायचे? इथं सगळे मोजतात. बुधा मोजतो, द्वारका चौकातली ती नवीन पोरं कॉम्प्युटर घेऊन बसल्यात ती मोजतात. मी मोजत नाय. मी एकावर एक चिकटवतो आणि डोकं डिकीत घालून ऐकतो. एक, ऐकलं. अजून एक, ऐकलं. सूर जाडाभरडा असतो, मग हळूहळू साफ होतो, आणि एकदम गुळगुळीत — थांबलो. मग दुसरी बाजू, तसंच, कानानं. आणि सगळं झाल्यावर मोजायचं. दोन्हीकडं सारखेच निघतात. बावीस वर्षांत एकदा चुकलं नाय! कंपनीचा माणूस आला होता मुंबईचा, त्यानं हात जोडले. म्हणला, मिस्त्री, आमच्या मशीनला हे जमत नाय. अलीकडं मोजायचं बी सोडून दिलं मी. कशाला मोजू? सारखेच असत्यात.

काय? काय म्हणतो? तिकडं तोंड करून काय बोलतो, इकडं बघून बोल. — हां. आला होता तू, आठ दिवसांनी. कोण नाय म्हणतंय? म्हणला, मिस्त्री, काही गाण्यांना मागनं टक टक येतंय. मी आलो ना उठून? जेवण सोडून आलो. डिकीत डोकं घातलं, तुझंच गाणं लावलं, सबंध ऐकलं. घूं घूं घूं — लोण्यासारखा आवाज. टक नव्हती. मी तुला म्हटलं, टक तुझ्या डोक्यात हाय. मग? नव्हतीच, तर नव्हती म्हणायची नाय का? तुला वाटलं मी उडवून लावलं. अरे, माझ्या कानाला ऐकू आलं नाय म्हणजे नव्हती. बासच्या बाबतीत माझा कान अजून पोरासारखा हाय. डॉक्टर बी म्हणला, खालचे सूर राहत्यात शेवटपर्यंत, वरचे आधी जात्यात, ते बारीक टोकदार आवाज — भांडं पडलं, घंटी वाजली, असले — कुठला डॉक्टर? कुठला नाय. असंच, एक गिऱ्हाईक होतं डॉक्टर, त्याची सॅंट्रो होती. तुला काय करायचंय? बावीस वर्षं डिकीत डोकं घालून बसल्यावर होतं थोडंफार, त्यात काय एवढं? मला धंद्याला खालचे सूर लागतात, पैंजण ऐकायचं नाय मला.

तिकडं मागं काय बघतो? — काय, बोलावती? कधीपासनं? मग सांगायचं ना आधी! येतो गं, येतो, ताट झाकून ठेव! बघितलं, हायवेनं काही ऐकू देत नाय. आमच्या सिंधुबाईला सवय हाय, ती दारात येऊन उभी राहती. जा तू आत. उभी काय राहिली? आमचं बोलणं चाललंय. — ही बी त्या दिवशी अशीच उभी होती, तुझी पेटी लावत होतो तेव्हा. मधेच म्हणती, अहो, काहीतरी टकटकतंय उजवीकडं. मी म्हटलं, तुला बाजरी आणि तांदूळ कळतात, हे नाय कळायचं. — मग काय? बायका म्हणतातच. टेम्पो उभा होता बाहेर, त्याचं इंजिन टकटकत असंल. तिच्या म्हणण्यावर मी पेट्या लावायच्या?

तुला सांगतो काय झालं ते. बुधा. बुधानं हात घातला. जाळी काढली एवढंच नाय, त्यानं रिकामा बी काढला असणार, आत बघितलं असणार, हे वायसर कशाला चिकटवलेत म्हणून चारदोन उपटले असणार. कळत नसलं की माणूस उपटतो. आणि मग झाली टकटक सुरू. तू म्हणतो आधीपासनं होती — खोटं. खोटं बोलतो तू. त्याला वाचवतो, तुझा गाववाला हाय म्हणून. चल, आता उघडतोच. आत्ता, तुझ्या डोळ्यापुढं. चल डिकीपाशी. ऊठ. धर तो बल्ब. नीट धर, माझ्या डोळ्यात नको. हे बघ डावीकडचा — आठ स्क्रू, सगळे जागेवर. बुधानं इकडं हात लावला नसंल. फिरव बल्ब. हां... आला बाहेर. मोज. वायसर तू मोज, मी नाय मोजत, परत म्हणशील मिस्त्रीनं घोळ केला. मोठ्यानं. — आठ. आठ ना? बघ. आणि हा शेवटच्या वायसरवरचा काळा डाग बघितला? तो माझा अंगठा. अॅरल्डाइट ओलं असतानाच मी काजळी लावून अंगठा दाबतो, शेवटच्या वायसरवर, म्हणजे इथं काम संपलं. त्याच्या पुढं कोणी लावलं किंवा त्याच्या खालचं काढलं तर अंगठा फुटतो, लगेच कळतं. आता उजवीकडचा. इकडं ये. इथं बुधाची करामत सापडंल. अंगठा फुटलेला दिसंल बघ तुला, आणि मग तुझं तोंड बघायचंय मला. स्क्रू — अं? हा घट्ट हाय. हा बी. खाचेत तर मी भरलेला रंग अजून तसाच हाय... रंग हाय. बुधानं रंग लावला असंल वरनं. नाय, पण हा माझाच, हिरवट, पंचवटीतनं आणलेला. असू दे. धर. बल्ब आत धर.

मोज.

काय? परत मोज. तिरपा धरला तू बल्ब, सावली पडती. एक... दोन... तीन... चार... पाच. पाच. बरोबर हाय म्हणजे, तीन उपटले त्यानं. तीन. बघितलं? म्हटलं नव्हतं मी? — थांब. अंगठा कुठाय? पाचव्यावर... पाचव्यावरच हाय अंगठा. ही माझी खूण, हा कापलेला भाग, करवतीनं गेला होता तो, इथं रेघ अर्धी हाय. फुटलेला नाय. अजिबात फुटलेला नाय. आत काही पडलंय का बघ, पेटीत हात घाल, वायसर सुटून पडले असत्याल — नाय? कोपऱ्यात बघ. वर चिकटवल्याचा डाग बी नाय, भोवतीचा कागद बी स्वच्छ हाय. म्हणजे तिथं कधी काही लावलंच नव्हतं. लावलंच नव्हतं कोणी.

मी पाचावर थांबलो. मला साफ वाटलं. शपथ घेऊन सांगतो, समाधान, मला पाचावर साफ वाटलं. डावीकडं आठ लागले आणि उजवीकडं पाचावरच गुळगुळीत झालं, आणि मला आनंद झाला की आज लवकर उरकलं. जाडाभरडा सूर असतो ना, तो वरच्या आवाजावरनं कळतो — त्या खरखरीवरनं. ती खरखर मला... ती ऐकूच आली नसणार. पहिल्या वायसरपासनंच नसणार. मग काय, कुठं बी थांबलो असतो, दोनावर बी थांबलो असतो, मला साफच वाटलं असतं. किती पेट्या झाल्या असत्याल अशा? बेंडीगेरींची इंडिका, ती सिन्नरची सुमो, गेल्या वर्षातल्या सगळ्या — त्यातल्या कोणी तक्रार केली नाय. का केली असंल, आणि मीच म्हणलो असंन, टक तुमच्या डोक्यात हाय?

बघू नको माझ्याकडं तसं. तसं अजिबात बघू नको. मघाशी भांडत होता तेच बरं होतं. पाणी नको मला. सिंधे, आत जा म्हटलं ना, तुला एकदा सांगितलेलं कळत नाय? आणि तू काय हात लावतो खांद्याला? हात काढ. मी काय आजारी पडलोय? तुझ्यावर रागच हाय माझा, अजून बी हाय. पेटी वाजत नव्हती तर इथं यायचं होतं, दहादा यायचं होतं, माझ्या उरावर बसायचं होतं, मिस्त्री चुकलास म्हणून शिव्या द्यायच्या होत्या. हाटेलात जाऊन फसवलं म्हणायची काय गरज होती? मी हे दोन्ही रिकामे नवेकोरे आणले होते, बाहेरगावावरनं मागवले होते, खोक्यात होते. प्लाय अठरा मिलीचा घातला तुझ्या पेटीला. बाराचा घातला असता तर तुला कळलं असतं? नाय कळलं. तरी अठराचा घातला.

ही घे चावी. घे म्हटलं ना. आणि हे तीन वायसर घे, ह्याच मापाचे हायेत, बुधाच्या डब्यातनं दुसरे घेऊ नको. बुधाकडं जा. त्याला सांग, उजवीकडं हे तीन लाव, आठ आणि आठ कर, मोजून कर. लावून झालं की डिकीत डोकं घालून ऐक म्हणावं. त्याला ऐकू येतं. दहा मिनिटांचं काम हाय. मी नाय करणार. मी स्क्रू आवळून देतो फक्त, रस्त्यात हलायला नको — झालं. लाव झाकण.

आणि हाटेलात जा. जाशीलच तू. धोंडीराम असंल, सगळे असत्याल. आधी रिकाम्याचं सांग — रिकामा मेलेला नसतो, त्याला वायर लागत नाय, हे नीट समजावून सांग. माझं काय सांगायचं ते बी सांग. काय ऐकायचं ते ऐकू दे सगळ्यांना, सात जीप गेल्या तर गेल्या. फक्त फसवलं म्हणू नको. मिस्त्रीनं फसवलं नाय, मिस्त्री बहिरा झालाय, असं म्हण. मोठ्यानं म्हण. — निघ आता.